रंगाच्या हंड्यात भिजलेला बाण

आजही दुपारी डोळा लागला की ते अंगण दिसतं. दोऱ्यांवर ओल्या लाल साड्या, वारा आला की संथ हलणाऱ्या, आणि त्यांच्या पलीकडे कुणीतरी कण्हतंय.

मी तेव्हा म्हैसुरात सब-इन्स्पेक्टर होतो. घरी मराठी, ठाण्यात कन्नड. दसऱ्याच्या दिवसांत एका सकाळी फुलं विकणारी बाई धावत ठाण्यात आली. "बेगा बन्नी, लवकर चला! रंगाऱ्याच्या शेजाऱ्याला बाण लागलाय."

रंगारी साठीचा मराठी माणूस, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. माकडं साड्या ओढतात म्हणून त्यानं गच्चीवर क्रॉसबो ठेवला होता. लाकडी दांड्यावर आडवं धनुष्य, घोडा दाबला की बाण सुटतो. शेजारी साड्यांच्या पलीकडे, आपल्या परसात मांडी धरून पडला होता. रंगाच्या सांडपाण्यावरून दोघांचं जुनं वैर. साड्यांआडून बाण आला, एवढंच तो सांगत होता. मी पंचनामा केला, बाण जप्त केला, रंगाऱ्याला अटक केली. कलम ३०७, खुनाचा प्रयत्न.

चौकशीत त्यानं एकच धरून ठेवलं. "साहेब, देवराणे, देवाशपथ सांगतो, गच्चीवरनं माकडाला मारला. पांगाऱ्याचं लाकूड, एकदम हलकं. ओल्या साडीतच अडकून पडतो, अष्टे, बस्स एवढंच. त्या लबाडानंच तो काढून आपल्या मांडीत खुपसला असेल, मला अडकवायला!"

"स्वतःच्या मांडीत चार बोटं खोल? मला काय खुळा समजता?" मी टेबलावर हात आपटला.

तरी आठवड्यानं खातरजमा केली. जप्त बाण सोनाराच्या काट्यावर तोलला, तो त्याच्या घरातल्या इतर बाणांएवढाच भरला. त्यातलाच एक गच्चीवरून मारला. सर्रकन सुटला आणि ओल्या साडीत अडकला. म्हणजे हा खाली उतरून जवळून मारतो आणि वर गच्चीची गोष्ट सांगतो! एका साडीला भोक होतं. ते यानंच मागाहून पाडलं, असं मी ठरवून टाकलं. तीन आठवडे तो तुरुंगात होता. त्याची बायको रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची.

दोषारोपपत्र लिहायला पंचनामा उघडला. माझंच अक्षर : 'बाण लाल, ओला, हातास जड.' मी गारच पडलो. रक्तानं ओला असेल, असं समजून मी तेव्हा पुढे गेलो होतो.

तसाच तुरुंगात गेलो. "बाण रंगवले होते?"

"हो की. गवतात सापडत नाहीत म्हणून हंड्यात टाकलेले. दोन दिवस तिथंच राहिले. पहिला काढला तो मारला, बाकीचे वाळत घातले. अय्यो, किती मंद गेला साहेब, जाताना डोळ्यांना दिसला. म्हटलं, यानं माकडाला काय होणार?"

पांगारा पाणी पितो. एक बाण दोन दिवस हंड्यात भिजवून तोलला, तो जवळजवळ दुप्पट भरला, आणि जप्त केलेला माझ्या कपाटात वाळून पुन्हा हलका झाला होता. कोर्टाच्या परवानगीनं रंगाऱ्याला घरी आणलं. पंचांसमोर साडीमागे केळीचा खुंट उभा केला. कोरडा बाण दिसलासुद्धा नाही, साडीत लटकला. ओला मात्र उन्हात सावकाश, स्वप्नातल्यासारखा तरंगत गेला, साडी भेदून खुंटात चार बोटं रुतला. धनुष्य तेच, ताण तोच. हलका बाण वेगानं सुटतो, पण धनुष्याचा बराच जोर मागे दोरीतच वाया जातो. जड बाण वेग कमी घेतो, जोर जास्त घेतो आणि तो वाटेत सहज सोडत नाही.

गच्चीवरून साड्यांपलीकडचा माणूस दिसतच नव्हता. खुनाचं कलम गेलं, निष्काळजीपणाचं राहिलं. "सुटलात," मी म्हणालो.

तो हसला नाही. साडीच्या भोकात बोट घालून उभा राहिला. "म्हणजे तो खरंच बोलत होता, अल्वा, हो ना? मीच मारलं त्याला. आणि वर लबाड म्हटलं."

शेजारी काठी टेकत दारात आला होता. रंगारी जाऊन त्याच्या पायरीवर बसला आणि रडायला लागला. शेजाऱ्यानं आत हाक मारून कॉफी मागवली.

नोकरीत पुढे पंचनाम्यातला एकेक शब्द मी दोनदा वाचत गेलो. हे शिकलो खरा. पण त्या दिवशी रंगाऱ्याची बायको माझ्यापासून चार पावलांवर उभी होती. 'ओला' हा शब्द तीन आठवडे माझ्या फायलीत पडून होता, हे तिला सांगायला हवं होतं, हात जोडायला हवे होते. मी टोपी घातली आणि जीपमध्ये जाऊन बसलो. साहेब होतो ना!