वैऱ्याच्या ताटात बोंबील

कारगिलची लढाई पेटली आणि विचुंब्यात लोक तुळशीरामकडे चोरून बघू लागले. तो आला की बोलणं मध्येच थांबायचं. तुळशीराम फौजेतला निवृत्त आचारी. यंदा पंधरा ऑगस्टचा झेंडा त्याच्याच हातून लावायचं गावानं ठरवलं होतं. पण शाळेत मुलांना लढाईची गोष्ट सांगायला बोलावलं, तर त्यानं भलतीच सांगितली.

बहात्तर साली तो पाकिस्तानी युद्धकैद्यांच्या छावणीत स्वयंपाकाला होता. बायकोनं, ठमाबाईनं, घरून सुके बोंबील धाडले होते. कैद्यांचे उतरलेले चेहरे बघून यानं ते कांद्यावर परतून त्यांना वाढले. पंजाबकडची माणसं ती. वास येताच त्यांनी ताटं ढकलली. कुजकं घालून मारतायत, अशी ओरड झाली. तेव्हा तुळशीराम त्यांच्याच पंगतीत बसला नि त्यांच्या ताटातलं खाऊन दाखवलं. साहेबांनी झापलं ते वेगळंच.

मुलांबरोबर ही गोष्ट घरोघर गेली.

जुलैच्या सुरुवातीला देवळात बैठक बसली. सरपंच बुधाजी. त्याचा मुलगा अंकुश कारगिलला. महिनाभर पत्र नव्हतं.

"तुळशा, खरं सांग. त्यांनी तुला काय दिलं व्हतं? फुकट कोण कोणाला चारतं?"

"जावई व्हते त्याचे!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. बुधाजी हसला नाही.

"हुकूम व्हता म्हणून वाढलं, एवढं बोल. झेंडा तुझाच."

तुळशीरामला झेंडा हवा होता. ठमाबाईनं कोटाला इस्त्री करून ठेवली होती, पदकं चिंचेनं घासली होती. नुसतं 'हो' म्हटलं तरी भागत होतं.

"हुकूम डाळ-रोटीचा व्हता. आपल्या जवानाला जेवढं, तेवढंच त्यांना. बोंबील माझे. कैदी झाला की माणूस आपल्या भरवशावर असतो, बुधाजी. तो तोंड पाडून बसला की मला जेववत नाय."

"वैरी व्हता तो! त्याचा तुला एवढा कळवळा कशाला?"

उद्या तुझा अंकुश त्यांच्या हाती सापडला तर? शब्द अगदी ओठांवर आले होते. पण बुधाजीचे डोळे जागरणानं लाल झाले होते, आणि बापाच्या तोंडावर हे बोलवेना. तुळशीरामनं नजर खाली घेतली.

"कायतरी दडवतोस तू."

"दडवतो," तुळशीराम म्हणाला. "पन ते तुला नाय सांगनार."

देवळात कुजबुज उठली. बुधाजीनं पंधरा ऑगस्टच्या वहीतलं त्याचं नाव खोडलं आणि खाली हेडमास्तरांचं घातलं. तुळशीराम उठला. वाट द्यायला कुणी पाय आखडले नाहीत. एकेकाला ओलांडत तो बाहेर पडला.