वाचून दाखवलं, बरोबर आहे

राऊत गेला हे मला त्याच्या बायकोच्या फोनवरून कळलं. काशीमीऱ्याला एका गॅरेजसमोर रिक्षाची वाट बघत उभा होतो. ट्रकांच्या आवाजात धड काही ऐकू येत नव्हतं, तरी "भाऊजी, हे गेले" एवढं ऐकू आलं. खरं सांगतो, रडू नाही आलं. 'मेला, आता सांगायचं राहूनच गेलं' एवढंच मनात आलं. दीड महिना झाला, ते वाक्य डोक्यातून हलत नाही. दमलोय मी त्याने. म्हणून आज लिहायला बसलो.

गजानन राऊत मूळचा भाईंदरचा. वाडवडिलांची मिठागरं होती, ती त्याच्या वडिलांच्या वेळीच गेली आणि हा ठाण्याच्या कोर्टात स्टेनो म्हणून चिकटला. तिथे तीस वर्षं काढली. पिंजऱ्यात साक्षीदार बोलणार, हा टाइप करणार, मग सगळं त्याला वाचून दाखवणार आणि खाली 'वाचून दाखवलं, बरोबर आहे' असं लिहून त्याची सही घेणार. निवृत्त झाला तरी सवय गेली नाही. रेखावहिनींनी बाजाराची यादी सांगितली की हा कागद समोर धरायचा. "वाचून दाखवतो, ऐक. मेथी एक जुडी, लिंबं चार. बरोबर? कर सही." वहिनी कपाळाला हात लावायच्या. "ह्यांनी कोर्ट सोडलं, पण कोर्ट काय ह्यांना सोडत न्हाय!"

मी लालबागची खोली विकून भाईंदरच्या इंद्रलोकमध्ये राहायला आलेला माणूस. विम्याच्या ऑफिसात जन्म गेला, ओळखीचं इथे कोणी नाही. सोसायटीच्या ऑफिसात दोन कपाटांचं वाचनालय निघालं, तिथे राऊत भेटला. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं बसायचो. पुस्तकं लोकांनी दिलेली, पंखा आवाज करणारा, डास फुकट. पण एक गोष्ट आमच्याकडे होती ती दुसरीकडे नव्हती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी राऊत एक रेघांचा कागद चिकटवायचा. वाचून झालं की त्यावर अभिप्राय लिहायचा. नाव मात्र घालायचं नाही, हा त्याचाच नियम. म्हणायचा, "सामंत, नाव आलं की माणूस गोड बोलतो. मला खरं पायजे."

याच माणसाने एक कादंबरी लिहिली. 'मिठाचा पंचनामा'. ठाण्यातल्या एका छोट्या प्रकाशकाने काढली, तीही टोपणनावाने, कारण गावातल्या लोकांनी त्यात स्वतःला शोधलं असतं. लेखक कोण हे वहिनींना आणि मला सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. मिठागराच्या बांधावर एक माणूस मरून पडलेला सापडतो आणि त्याच्या सख्ख्या भावावर खटला चालतो. शंभर पानं झाल्यावर पुस्तक खाली ठेववत नाही. शेवटच्या पानावर म्हातारा मुकादम पिंजऱ्यात उभा असतो. वकील विचारतो, "त्या पहाटे बांधावर कोण होतं?" मुकादम आरोपीकडे बघतो, तोंड उघडतो... आणि पुस्तक संपतं!

अरे बाप रे, काय गोंधळ झाला त्या पानावरून! अभिप्रायाचा एक कागद भरला, राऊतने दुसरा चिकटवला, मग तिसरा. 'सरळ फसवणूक आहे. रात्रभर जागून काय मिळालं?' त्याखाली दुसऱ्या कोणाचं, 'ज्यांना सगळं भरवलेलं लागतं त्यांनी सीरियल बघाव्यात.' 'भावानेच मारलं, पान ४२ बघा.' 'पान ४२ परत बघा, ठेकेदार आहे.' तिसऱ्या मजल्यावरच्या शहाबेन मराठी अडखळत वाचायच्या, पण ही त्यांनी दोनदा नेली. टेबलावर पुस्तक आपटून म्हणाल्या, "राऊतभाई, ये राइटर को पकड के लाओ. मैं पूछूंगी, किसने मारा?" राऊत गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मिला तो भेज दूंगा आपके पास." त्या गेल्यावर दोघं पोट धरून हसलो.

राऊतने मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "उत्तम! शेवट तर लाजवाब." आणि त्याच आठवड्यात, तो कुलूप लावायला किल्ली शोधत होता तेवढ्यात, मी तिसऱ्या कागदावर अक्षर वाकडं करून लिहिलं, 'लेखकाला उत्तर माहीत आहे. साक्षीदाराच्या तोंडून काढायची छाती नाही. पळपुटा शेवट.' का लिहिलं? जळलो होतो, दुसरं काय. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची पुस्तकं वाचली, स्वतः एक पान लिहिलं नाही, आणि हा टाइपरायटर बडवणारा माणूस बिल्डिंगभर लोकांना भांडायला लावतो! शेवट मला खरंच पटला नव्हता, हेही तितकंच खरं. पण ते तोंडावर सांगता आलं असतं.

बाकीचे अभिप्राय राऊतने हसण्यावारी नेले. हा एक मात्र त्याला लागला. दुसरी कादंबरी सुरू केली होती, चाळीसेक पानं झाली होती, ती त्याने बाजूला ठेवली. "पहिलीचाच शेवट जमला न्हाय, दुसरीला हात कुठे लावू?" चार वर्षं दर बुधवारी तोच विषय. पेणकरपाड्यापर्यंत चालत जायचो, परत यायचो आणि वाटभर तो माझ्याच वाक्याशी भांडायचा, माझ्यासमोर. "छाती न्हाय म्हणे! अरे, तीस वर्षं मी ऐकतोय. निकाल लागतो, पण खरं काय ते कळतंच असं हाय का?" मग थोडं चालून, "पण बोलतोय ते बरोबर. मी घाबरलोच." मी हं हं करायचो. सांगून टाकावं असं प्रत्येक वेळी वाटायचं आणि प्रत्येक वेळी पुढच्या बुधवारवर ढकलायचो. खोटं सांभाळून माणूस किती थकतो, हे मला त्या चार वर्षांत कळलं.

शेवटचं भेटलो ते त्याच्या घरी, दुपारी. हृदय साथ देत नव्हतं, दोन वाक्यं बोलला की धाप लागायची. खिडकीशी पडून होता. म्हणाला, "लायब्ररीतली प्रत आणलीस? दे." तिन्ही कागद त्याने वाचून दाखवले, थांबत थांबत. पान ४२ च्या भांडणाला हसला. सगळ्यात शेवटी माझा वाचला. हळू, एकेक शब्द सुटा करून, कोर्टात वाचायचा तसा. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बरोबर?"

"काय बरोबर?" मी म्हणालो. "असेल बुवा कोणाचं तरी. तू पड आता, दमलास."

तो "बरं," म्हणाला आणि उशाखालची पेन्सिल काढून पुस्तकात काहीतरी खरडलं. मी बघितलं नाही. वहिनींनी चहा आणला, तो मी उभ्याउभ्याच घेतला आणि निघालो. पंधरा दिवसांनी काशीमीऱ्याला तो फोन आला.

तेराव्याला वहिनींनी पुस्तक हातात ठेवलं. "लायब्ररीचं हाय, जागेवर ठेवा." महिनाभर मी ते उघडलं नाही. परवा उघडलं. माझ्या अभिप्रायाखाली पेन्सिलीने, त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'वाचून दाखवलं, बरोबर आहे.' त्याखाली सहीसाठी एक रेघ मारलेली. रेघ रिकामी होती.

अक्षर वाकडं केलं, पण शब्द कुठून बदलणार होतो मी? माणसांचे शब्द टिपण्यात ज्याचा जन्म गेला त्याच्यासमोर! पहिल्या दिवसापासून त्याला कळलं असणार. चार वर्षं तो मला पेणकरपाड्यापर्यंत नेऊन आणत होता, ते त्या एका उत्तरासाठी. आणि मी त्याच्या मुकादमासारखा तोंड उघडून उभा... राऊत, अरे एकदा शिवी तरी घालायचीस!

वाचनालयाच्या टेबलाशी बसून मी परवाच त्या रेघेवर सही केली, पूर्ण नावानिशी. त्या तीन कागदांवरचं हे एकच नाव. खाली तारीख घालताना दोन महिन्यांपूर्वीच्या त्या दुपारची घालावी असं फार वाटलं. पण ती खोटी साक्ष झाली असती. मी परवाचीच घातली.