जिन्याखालचे काकाजी

माझ्या चुलतसासऱ्यांइतका खरं बोलणारा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्यांच्या खऱ्याने जितक्या लोकांची झोप उडाली तितकी कुणाच्या खोट्यानेही उडाली नसेल. त्यांना सगळं गाव काकाजी म्हणायचं. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांची हयात गेली. लग्न केलं नव्हतं. जीव होता तो भिंतींवर. कुणाच्या घरी गेले की आधी चपला काढायचे, मग भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करून तिला कान लावायचे आणि मगच सतरंजीवर बसायचे. वडनेरच्या एका पाटलांनी त्यांना मोठ्या मानाने वास्तुशांतीला बोलावलं, तर ह्यांनी खिशातून ओळंबा काढला, पूर्वेच्या भिंतीला लावला आणि भर पंगतीत सांगितलं, "पाटील, हे भीत वाकून नमस्कार करून राह्यली." पाटलांनी पुन्हा कधी बोलावलं नाही. मला पाहायला आले तेव्हा त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. तडक आमच्या स्वयंपाकघरात गेले, मागची भिंत चाचपली आणि वडिलांना विचारलं, "पावसाळ्यात इकून पाणी येते काय?" वडील शरमून म्हणाले, "येतं." मला वाटलं, जुळत आलेलं मोडलं. बाहेर पडल्यावर काकाजी माझ्या नवऱ्याला म्हणाले होते, "मानूस खरं बोलते. संबंध कर." अशा रीतीने एका गळक्या भिंतीमुळे माझं लग्न झालं.

आमचं गाव कापसाचं. जिनिंगच्या कामाला खेड्यापाड्यांतून माणसं यायची आणि रेल्वेच्या रुळांकडेला तट्ट्याच्या झोपड्या घालून राहायची. तेव्हा पालिकेने एक ठराव केला. जो कुणी भाड्याने द्यायला नवी इमारत बांधील आणि तिच्यातल्या तिसऱ्या हिश्श्याच्या खोल्या थोड्या मिळकतीच्या लोकांना पालिकेने ठरवलेल्या भाड्यात देईल, त्याला दहा वर्षं घरपट्टी माफ. गावातल्या पैसेवाल्यांनी ठराव वाचला आणि बाजूला ठेवला. अर्ज एकच आला, काकाजींचा. त्यांनी वडनेरचं शेत विकलं आणि दोन मजली, बारा खोल्यांची इमारत उभी केली. ते बांधकाम म्हणजे गावाला रोजचा तमाशा होता. मे महिन्याच्या उन्हात विटांवर ओली पोती, आणि ह्यांच्या डोक्यावर साधा रुमालही नाही. नव्या छपाईवर, म्हणजे गिलाव्यावर, पाणी मारायची वेळ झाली की ते कुणाच्या तेराव्यातूनसुद्धा उठून यायचे. गवंड्यांनी सुचवलं होतं की गरिबांच्या चार खोल्या मागच्या अंगाला काढा, त्यांचा जिना वेगळा करा, म्हणजे पुढच्या खोल्यांना चांगले भाडेकरू मिळतील. काकाजींनी एकच जिना बांधला, अंगणात एकच नळ घेतला, आणि कुणाला कुठली खोली ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. तळमजल्यावरची एक नंबरची मोठी खोली तेवढी मालकाची. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, खोल्यांचे नंबर राहत. माझा नवरा जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता, पगार बेताचा, म्हणून सवलतीच्या चारांपैकी एक खोली चिठ्ठीने आम्हाला मिळाली. लग्न होऊन मी त्या घरात आले त्या दिवसापासून काकाजी मला "नऊ नंबर" म्हणू लागले.

दोन-अडीच वर्षं बरी गेली. मग आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, आणि त्याच सुमाराला वरच्या मजल्यावरची दहा नंबरची सवलतीची खोली रिकामी झाली. चिठ्ठी काढली ती यमुनाबाईच्या नावाची निघाली. यमुनाबाई जिनिंगमध्ये कापूस वेचायच्या कामावर होती. नवरा वारलेला, पदरी दोन मुली. दसऱ्याला ती नागपूरला जाऊन बुद्ध धर्माची दीक्षा घेऊन आली होती. दहा नंबरच्या शेजारी, अकरा नंबरमध्ये, कोर्टातले एक कारकून राहत. स्वभावाने वाईट म्हणता येणार नाही, माझ्या नवऱ्याचे अर्ज ते फुकट लिहून द्यायचे. पण यमुनाबाईचं सामान वर चढताना पाहिलं आणि ते काकाजींकडे आले. तिला खाली कुठेतरी द्या, आमच्या दाराला दार नको, असं त्यांचं म्हणणं. काकाजी म्हणाले, "चिठ्ठीत दहा नंबर निघाला." कारकुनांनी तासभर समजावलं. काकाजींनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून कारकुनांची बायको पहाटे, कुणी उठायच्या आत, नळाचं पाणी भरू लागली.

त्या वर्षी पालिकेने ठरावात नवं कलम घातलं. सवलतीची खोली मालकाच्या नातेवाइकाला देता येणार नाही, दिलेली आढळली तर माफी रद्द. हे कलम गावात सगळ्यांत आधी कुणी वाचलं असेल तर आमच्या कारकुनांनी. त्यांनी पालिकेत अर्ज टाकला की नऊ नंबरमध्ये मालकाचा पुतण्या राहतो. अर्जात यमुनाबाईचं नावही नव्हतं. पण माफी गेली तर चारही खोल्यांचं भाडं वाढणार आणि पहिली ती बाहेर पडणार, हे त्यांना कळत होतं आणि आम्हालाही.

मला तेव्हा आठवा महिना होता. माहेरी आई नव्हती. गावात खोली मिळणं म्हणजे देव मिळणं. पालिकेचे निरीक्षक सोमवारी येणार असं कळलं, तसे इमारतीतले चार-सहा शहाणे एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं की निरीक्षकांना नुसतं "गावाकडचे आहेत" असं सांगायचं. आडनाव एक असलं म्हणून काय झालं, अर्ध्या तालुक्याचं तेच आडनाव आहे. अडचण एकट्या काकाजींची होती. माझा नवरा रविवारी त्यांच्यापुढे जाऊन बसला. तुम्ही खोटं बोलू नका, फक्त गप्प राहा, एवढंच मागणं त्याने मागितलं. काकाजी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

सोमवारी निरीक्षक आले. एकेका खोलीत जायचे, माणसं मोजायचे, मिळकत विचारायचे, वहीत टिपायचे. मी चुलीपुढे बसून जिन्यावरची त्यांची पावलं ऐकत होते. नळावर कुणी नव्हतं. कारकून त्या दिवशी कोर्टात गेले नव्हते, आपल्या दारात वर्तमानपत्र घेऊन उभे होते. निरीक्षक आमच्या खोलीत आले. नातं काय, असं त्यांनी विचारलं. माझा नवरा म्हणाला, "गावाकडचे आहेत." निरीक्षकांनी मान हलवली आणि लिहायला सुरुवात केली. मी चुलीत लाकूड सारलं, तोच दारातून काकाजींचा आवाज आला.

"सख्ख्या भावाचा पोरगा हाय माहा. तसं लिवा."

निरीक्षकांनी वर पाहिलं. मला वाटतं, त्यांनाही ते नको होतं. त्यांनी लिहिलेली ओळ खोडली, नवी लिहिली आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात खोली नात्याबाहेरच्या माणसाला दिली नाही तर माफी काढून घ्यायचा प्रस्ताव सभेपुढे जाणार होता. ते गेल्यावर माझ्या नवऱ्याने काकाजींना विचारलं, "काऊन बोलले तुमी?" काकाजी म्हणाले, "त्यानं विचारलं ना." आणि उतरून गेले.

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. ते आमच्याकडेच जेवत. मी ताट वाढायचे, समोर ठेवायचे आणि चुलीकडे तोंड करून बसायचे. ते खाली मान घालून जेवायचे आणि लगेच आमच्यासाठी खोली शोधायला निघायचे. ह्या शोधाची कथा सांगताना आज मला हसू येतं, तेव्हा रडू येत होतं. गावात जी कुठली रिकामी खोली सापडे, तिथे जाऊन ते टकटक करीत, भिंतीला कान लावीत आणि परत येऊन नवऱ्याला सांगत, "नाई जमत. बाळंतिनीले ओल नाई चालत." दुसरी मिळाली तिच्या छपराचं पाखं झुकलेलं. तिसरीची चूल वाऱ्याच्या तोंडाला. चौथीच्या मालकाला त्यांनी तोंडावर सांगितलं की ह्या खोलीत मी गाय बांधणार नाही, तेव्हा त्याने ह्यांना हाकलून लावलं. पार जाम गावापर्यंत जाऊन आले. मुदत संपत चालली होती. ज्या माणसाने एका वाक्याने आम्हाला घराबाहेर काढलं, तोच आम्हाला दुसऱ्या घरात शिरू देत नव्हता.

तेराव्या दिवशी दुपारी यमुनाबाई माझ्याकडे आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. म्हणाली, "बाई, हे सगळं माह्यापायी हाय. मी गेलो की ते कारकून अर्ज मांगं घेतीन. माही बहीन हाय रुळाकडे, तिच्याकडे जातो. तुमी राहा."

मी "नको" म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही. पोटावर हात ठेवून बसले. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि गेली. ह्या गोष्टीत कोण खरं वागलं नाही असं कुणी विचारलं तर मी कारकुनांकडे बोट दाखवणार नाही.

संध्याकाळी ती गाठोडं घेऊन, मुलींना पुढे घालून उतरत होती. काकाजी गावातल्या पाचव्या रिकाम्या खोलीची भिंत ऐकून परत येत होते. जिन्यात गाठ पडली. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. मी दारात आले तेव्हा एवढंच दिसलं की गाठोडं काकाजींच्या खांद्यावर आहे आणि ते वर चढत आहेत, मागून त्या दोन मुली. कारकुनांच्या दारापुढून ते गेले, गाठोडं दहा नंबरमध्ये ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सामान बांध," ते म्हणाले.

नवऱ्याने ट्रंक उचलली, मी भांडी घेतली, आणि आम्ही त्यांच्या मागोमाग जिना उतरलो. ते फाटकाकडे वळले नाहीत. एक नंबरचं दार उघडून बाजूला झाले. आत खोली झाडून पुसून लख्ख होती. त्यांची खाट नव्हती, कागदांच्या सुरनळ्या नव्हत्या, कंदीलही नव्हता. मालकाच्या खोलीला सवलत नव्हती, तिथे कोण राहतं हे विचारायचं पालिकेला कारण नव्हतं. नऊ नंबर चिठ्ठीने दुसऱ्याला जाणार होता.

तेरा दिवसांनी मी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले. "काकाजी, आणि तुम्ही?"

त्यांनी जिन्याकडे बोट दाखवलं. जिन्याखालच्या कोनाड्यात त्यांची खाट कशीबशी बसली होती, पायथ्याशी सुरनळ्या. "मीच बांधला हाय," ते म्हणाले. "मले मालूम हाय, नाई पडत."

प्रस्ताव सभेपुढे यायचा तो आलाच. कारकून अडून बसले होते की ही सगळी मालकाची चलाखी आहे. मी एक नंबरच्या खिडकीत बसून होते. नळावर बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या, पाणी कुणी भरत नव्हतं. यमुनाबाई कामावर गेली नव्हती. दिवेलागणीला माझा नवरा आला आणि त्याने सांगितलं ते असं. एका सभासदाने काकाजींना विचारलं, पुतण्या तुमच्या खोलीत, तर मग तुम्ही राहता कुठे? काकाजी म्हणाले, "जिन्याखाली." सभा हसली. काकाजी हसले नाहीत. त्यांनी जागेची लांबी-रुंदी सांगितली, उभं राहिलं तर डोकं किती उंचीवर लागतं तेही सांगितलं, कारण विचारलेल्याचं पुरतं उत्तर द्यायची त्यांची सवयच होती. तेव्हा हसणं थांबलं. माफी दोन मतांनी टिकली.

कारकून इमारत सोडून गेले नाहीत. जिन्यात काकाजी भेटले की वर पाहत निघून जायचे. पण माझ्या कळा भर दुपारी सुरू झाल्या, पुरुषमाणूस एकही घरात नव्हता, तेव्हा सुईणीला आणायला यमुनाबाई धावली आणि पाणी तापवलं ते कारकुनांच्या बायकोने. गरम पाण्याची बादली दोघींनी मिळून धरून आत आणली एवढं मला आठवतं. पुढचं आठवण्यासारखी माझी अवस्था नव्हती. मुलगी झाली. काकाजींनी बाहेरून विचारलं, "कोरडी हाय ना खोली?"

त्यानंतर आम्ही तिथे आठ वर्षं होतो. काकाजी जिन्याखालीच राहिले. आता तरी खोलीत या, म्हणून मी किती वेळा म्हटलं. ते म्हणायचे, इथे बरं वाटतं, डोक्यावरून सगळे जातात-येतात. कोण आजारी आहे, कोणाची नोकरी सुटली, कोणाकडे पाहुणे आले, सगळं त्यांना पावलांवरून कळायचं. यमुनाबाईची धाकटी मॅट्रिक झाली तो निकाल तिच्या उतरण्यावरून आपल्याला आधी कळला, असं ते सांगत. नेमक्या त्याच एका गोष्टीत ते थोडी भर घालत असावेत असा मला संशय आहे.

मग माझ्या नवऱ्याची वर्ध्याला सोय लागली आणि आम्ही तिथून जवळच, सिंदी मेघे गावात, लहानसं घर बांधलं. चार खोल्या, पुढे जागा, फाटकाला कुलूप. काकाजी एकदाच आले, पिशवीत मुलीसाठी बोरं घेऊन. थकले होते. घरभर हळूहळू फिरले. मागच्या अंगणात गेले, परत आले, पुढच्या फाटकापर्यंत जाऊन आले. मी चहा दिला तो दोन्ही हातांनी धरून बसले.

"चांगलं झालं," ते म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "बाकीचे कुठं राह्यतेत?"

मला कळेना. "बाकीचे कोण, काकाजी? आम्हीच तिघं."

"तिघंच?"

"हो."

त्यांनी सगळ्या घरावरून पुन्हा एकदा नजर फिरवली, चहा संपवला आणि आपल्या संध्याकाळच्या गाडीने निघून गेले. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. मुलगी आता सासरी आहे. संध्याकाळी मी दिवा लावते, पुढचं दार लोटून घेते, आणि बराच वेळ कुणाचंच पाऊल वाजत नाही.