वरचं कुठे चाललं?

दूध डेअरीत सगळे तिला फॅटताई म्हणत. अंगाने काडीसारखी, पण एकवीस वर्षं दुधाला किती फॅट लागली हे तीच सांगायची, म्हणून हे नाव. दूध घालणारे तिच्याशी फार गोड बोलत. आणि कुणी गोड बोललं की ती त्याचा नमुना दोनदा तपासे.

दुधाच्या तपासणीच्या नळ्या हलवून हलवून तिचं उजवं कोपर कामातून गेलं होतं. डॉक्टरांनी टेनिस एल्बो म्हणताच, जन्मात रॅकेटला हात न लावलेली ती त्यांच्याकडे बघतच राहिली. यांनी दुसऱ्याच कुणाचा कागद वाचला की काय. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, व्यायाम झाले. डेअरीच्या साहेबांनी महिन्याची मुदत दिली. तोवर हात चालला नाही तर तपासणीचं टेबल सोडून पिशव्या मोजायला बसायचं. शेवटी तिचंच रक्त काढून, त्यातला कामाचा भाग कोपरात टोचायचं ठरलं.

रक्ताची नळी यंत्रात फिरू लागली तशी ती जरा सैलावली. डेअरीत दुधाच्या नळ्याही अशाच फिरत, तो आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा होता. लाल खाली बसलं, पिवळं वर आलं. डॉक्टरांनी पिवळं दुसऱ्या नळीत घेऊन पुन्हा फिरवलं. मग वरचा बराचसा भाग ओढून ट्रेमध्ये बाजूला ठेवला आणि तळाचं चमचाभर सिरिंजमध्ये भरायला घेतलं.

तिने हात मागे घेतला.

"वरचं कुठे चाललं?"

"ते नको आपल्याला."

"मलई तुम्ही काढून घेणार आणि मला खालचं पाणी टोचणार?"

सोबत आलेल्या मुलीने कपाळाला हात लावला. डॉक्टर हसले, पण तिचा चेहरा पाहून आवरले. दुधातली चरबी हलकी म्हणून वर येते. रक्तातल्या कामाच्या बारीक पेशी जड, त्या तळाला बसतात, असं त्यांनी समजावलं. तिला पटलं, आणि पटलं म्हणूनच ती आणखी सावध झाली.

"गुण येईलच ना?"

"खात्री नाही देत, ताई. काहींना येतो, काहींना नाही. आणि आलाच तर दोन-तीन महिने जातात. महिन्यात काही होणार नाही."

असं उत्तर देणारा माणूस तिच्या टेबलासमोर आजवर आला नव्हता.

"हेच कागदावर लिहा. साहेबांना दाखवायला. सहीसकट."

त्यांनी लिहिलं. तिने ते दोनदा वाचलं, घडी मुलीच्या हातात दिली आणि कोपर पुढे केलं. सुई शिरताना मुलीने मान फिरवली. ती मात्र सिरिंज पूर्ण रिकामी होईपर्यंत बघत होती.