राक्षसाम्होरं उभं राहिलेलं अनोळखी लेकरू

बायांनो, आज लई नवल झालं. नात कोमलच्या स्वस्तातल्या लॅपटॉपवर मी गेममधी वैदीण झालते. रानात एक अनोळखी गडी जखमी पडलेला, तोबी माझ्यासारखाच कुठूनतरी इंटरनेटवरनं खेळणारा.

कोमल वरडली, "आजी, पळ! राक्षस येतोय. औषध एकच हाय, मेलीस तर पुन्हा पहिल्यापासून!"

आता कण्हणाऱ्या माणसाला वलांडून आपण जातो का? दिलं त्याला.

तेवढ्यात लॅपटॉप तापून अडकला. दोन वाट्यांवर ठेवून सुपानं वारा घातला. सून हसती, "आत्या, सूप पाखडायला असतंय!" वाटलं, मेले मी. चालू झाला तर मी जित्ती, अन् तो गडी राक्षसाला अडवून माझ्याम्होरं उभा!

त्यानं कायतरी लिहिलं, पर ती भाषा कोमललाबी कळंना. कोणत्या मुलखातलं लेकरू असंल? त्याच्या भाषेत "जेवलास का?" कसं इचारायचं, कुणी सांगंल का?