दुभाष्याच्या तोंडचं वाक्य

श्रीनिवासराव शाळेत इंग्रजी शिकवत. घरी मराठी, बाजारात तमिळ, वर्गात इंग्रजी, तिन्हींत जीभ सारखीच चाले. म्हणून एका गोऱ्या पाद्र्यांच्या सभा तंजावरात खंदकाकाठच्या मैदानात लागल्या, तेव्हा दुभाषी म्हणून बोलावणं त्यांनाच आलं. पाद्र्यांनी एक वाक्य इंग्रजीत म्हणायचं, मागोमाग यांनी तमिळमध्ये. "देव सगळीकडचा एकच की," असं म्हणून बायकोनं, कामाक्षीनं, जाऊ दिलं.

ते नगरपालिकेच्या निवडणुकीचे दिवस. कामाक्षीचा धाकटा भाऊ गोपालकृष्ण वॉर्डातून उभा होता, त्याच्या विरुद्ध राममूर्ती. पाद्र्यांकडे सगळा वॉर्ड लोटतो हे पाहून राममूर्ती रोज पुढच्या रांगेत बसू लागला.

"भावोजी, पाद्री त्याचं नाव घेतात की काय?"

"अरे, त्यांना मतदान कधी तेही ठाऊक नाही. आणि घेतलं तरी माझ्याच तोंडून यायचं ना?"

"म्हणजे माझं नशीब तुमच्या जिभेवर," गोपालकृष्ण हसला.

शेवटच्या सभेला कामाक्षी भावाबरोबर मंचाजवळच्या चिंचेखाली उभी होती. पाद्र्यांनी राममूर्तीला वर बोलावलं, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. श्रीनिवासरावांनी तो तमिळमध्ये सांगितला. मग पाद्री थांबले. डोळे मिटलेले, ओठही मिटलेले. आणि कर्ण्यातून श्रीनिवासरावांचा आवाज आला, "याला मत द्या. ही देवाची इच्छा आहे."

सगळं मैदान एका सुरात 'आमेन' म्हणालं. तमिळ न कळणाऱ्या पाद्र्यांनीही मान डोलावली.

गोपालकृष्ण पडला. निकालाच्या संध्याकाळी तो ओसरीवर येऊन बसला.

"भावोजी, ते वाक्य कुणाचं?"

"पाद्र्यांचं. मी पदरचं कधी काही घातलं नाही."

"त्यांचे ओठ हलले नाहीत. अक्कानंही पाहिलं."

श्रीनिवासराव बायकोकडे बघत राहिले. "पण मी ऐकलं की," ते म्हणाले. "इकडून, डाव्या कानात."

पाद्री तर नेहमी त्यांच्या उजवीकडे उभे असत.

त्यानंतर ते मंचावर चढले नाहीत. सवय मात्र अंगात राहिली. घरातही काही बोलण्याआधी मान डावीकडे कलती करायची, थांबायचं, मग बोलायचं. "सार वाढ" म्हणायलासुद्धा. कामाक्षीनं अंगारा लावला, तीर्थ शिंपडलं, शेवटी त्यांचा पाट सरकवून डावी बाजू भिंतीशी भिडवली. ते भिंतीकडे कान देऊ लागले.

एका दुपारी जेवताना त्यांनी अशीच मान कलती केली. कामाक्षीनं "हो, वाढते" म्हणत साराची पळी उचलली, वाढलंही.

ते अजून काही बोललेच नव्हते.