भिशीचा पहिला नंबर आणि मालकांची केमो

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका आणि वाकडं अक्षर पदरात घ्यावं. मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, ताप हटेना. डॉक्टर म्हणाले, "यांच्या रक्तात एक विषाणू सापडलाय. लागण झालेल्या बहुतेकांच्या अंगात तो निवांत असतो, पण यांच्या रोगाशी लढणाऱ्या टी पेशीच त्यानं बिघडवल्यात, त्यातून रक्ताचा कॅन्सर झालाय. हा कॅन्सर झपाट्यानं वाढतो, केमो लगेच हवी."

पैसे मागायला माझं तोंड उघडेना. भिशीच्या दिवशी मी कोपऱ्यात बसून राहिले. शेजारणीनं चिठ्ठ्यांचा डबाच मांडीखाली दाबला.

"गप बसलीस म्हणून आमाला कळत न्हाय व्हय? पयला नंबर तुझाच."

सगळ्या हसल्या, मीही रडता रडता हसले.

मालक आता ठणठणीत आहेत, रश्शाला तिखट कमी म्हणून भांडतात. आज शेवटचा हप्ता भरून मी भिशीचे सगळे पैसे फेडले.